प्रयोगशाळेतील संशोधनाचे शिक्षण

जीवशास्त्राच्या पदवीवर्गातील प्रयोगाचा तास बहुधा एका ठराविक पद्धतीने पार पडतो. कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे, आकृती काढावयाची, आणि पाठ्यपुस्तकात आधीच छापलेला निष्कर्ष वहीत उतरवावयाचा. अशा अभ्यासाने हात वळतो व यंत्रे परिचयाची होतात. हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्याचे उत्तर अगोदरच ठाऊक आहे, त्यास संशोधन म्हणता येत नाही. निरीक्षण पुस्तकाशी जुळले नाही तर विद्यार्थी आपले निरीक्षणच बदलून टाकतो, ही या पद्धतीतील सर्वांत मोठी हानी होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनास स्थान दिले आहे. ते वर्ष सार्थकी लागावे, अशी इच्छा असेल तर संशोधनाची सवय पहिल्या वर्षापासूनच लावली पाहिजे.

विषय ताटातच आहे

संशोधनास मौल्यवान उपकरणे लागतात, असा समज सर्वत्र आढळतो. या दृष्टीने छत्तीसगडातील रायपूरचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. येथे १९६४ साली रविशंकर विश्वविद्यालय व १९८७ साली इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. या कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात भाताचे २३,००० हून अधिक नमुने आहेत. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात गावोगावच्या शेतकऱ्यांचे बियाणे गोळा करवून या संग्रहाचा पाया घातला. अशा प्रदेशातील विद्यार्थ्यास संशोधनाचा विषय शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

पहिला धडा : मोजणी

ओल्या कागदावर भाताचे १०० दाणे मांडावे व चौदा दिवसांत किती रुजले ते मोजावे. समजा, एकाच पोत्यातील बियाणे घेऊन एका गटाचे ७६ व दुसऱ्याचे ८३ दाणे रुजले. दुसऱ्या गटाने प्रयोग अधिक चांगला केला, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि पोत्यातील शेकडा ८० दाणे रुजणारे असतील, तर केवळ योगायोगाने १०० दाण्यांच्या नमुन्यात सुमारे ७२ पासून ८८ पर्यंत कोणतीही संख्या सहज मिळू शकते. ४०० दाणे घेतल्यास हाच पल्ला शेकडा ७६ ते ८४ इतका आवळतो. बीजपरीक्षणात ४०० दाणे घेण्याची प्रथा आहे, तिचे मर्म विद्यार्थ्यास येथे स्वतःच्या मोजणीतून उमगते.

याच प्रयोगातून आणखी एक प्रश्न निघतो. न रुजलेला दाणा मृत असतो काय? नुकत्याच कापलेल्या भाताचे बी पुष्कळदा सुप्तावस्थेत असते. काही दाणे ५० अंश सेल्सिअस उष्णतेत पाच दिवस ठेवून मग रुजत घातले व ते अधिक संख्येने रुजले, तर पहिले अनुमान बदलावे लागते. एका निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणे संभवत असतील, तर त्यांतील निवड करणारा प्रयोग योजणे हेच संशोधकाचे मुख्य कौशल्य होय.

दुसरा धडा : तुलना

धमतरी जिल्ह्यातील ‘नगरी दुबराज’ या सुवासिक तांदळास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात दुबराज म्हणून विकला जाणारा तांदूळ निर्भेळ आहे काय, हा प्रश्न विद्यार्थ्यास सहज आपला वाटेल. त्यासाठी एक स्वस्त परीक्षा उपलब्ध आहे. सडलेल्या तांदळाचे सहा अखंड दाणे बशीत एकमेकांस न लागतील असे ठेवून त्यांवर १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे १० मिलिलिटर द्रावण ओतावे व बशी झाकून ३० अंशांवर २३ तास ठेवावी. हे द्रावण दाहक असल्याने चष्मा व हातमोजे अवश्य वापरावे. ज्या तांदळातील स्टार्च कमी तापमानास फुगते, तो दाणा विरघळून पसरतो; ज्यास अधिक तापमान लागते, तो जवळजवळ तसाच राहतो. या फरकास १ ते ७ असे गुण देतात.

खरे शिक्षण याच्या भोवतीच्या शिस्तीत आहे. बाजारातील नमुन्याशेजारी खात्रीच्या बियाण्यापासूनचा नमुना ठेवावा. बशांवर नावे न घालता केवळ क्रमांक घालावे, म्हणजे गुण देणाऱ्याची अपेक्षा गुणांत उतरणार नाही. दोघांनी परस्परांस न विचारता गुण द्यावे व मग ते पडताळावे.

अखेरीस या प्रयोगाची मर्यादाही ओळखावी. एकाच पोत्यातील काही दाणे विरघळले व काही अखंड राहिले, तर मिश्रणाचा संशय सबळ ठरतो. परंतु सर्वांस सारखे गुण मिळाले, तरी तो दुबराजच आहे असे सिद्ध होत नाही. अनेक वाणांचे गुण सारखे असतात, आणि दाणा भरतानाच्या हवामानाचाही त्यांवर परिणाम होतो.

गुण कशास द्यावे

अध्यापकाने ‘बरोबर’ उत्तरास गुण दिले, तर वरील सर्व श्रम वाया जातील. गुण प्रयोगवहीस द्यावे. नोंद त्याच दिवशी, शाईने व तारखेसह केलेली असावी; चुकलेला आकडा खोडून न टाकता वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी नवा लिहावा; न जुळणारे निरीक्षणही नोंदवावे. बीजसंग्रहातील दाणे काळाने निर्जीव होतात. ते वेळोवेळी तपासून, पुन्हा पेरून, नवे बी साठवावे लागते. ज्याने ७६ मोजून ८० लिहिले, त्याच्या हाती एखादा दुर्मिळ वाण कायमचा नष्ट होऊ शकतो. प्रामाणिक मोजणी हा प्रयोगशाळेतील शिष्टाचार नसून, त्या संग्रहाचे आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे, हे विद्यार्थ्यास पदवीपूर्वीच कळले पाहिजे.