जलपर्णी
(केंदाळ, जलकुंभी, लॅ. पाँटेडेरिया क्रॅसिपीस, जुने नाव आयकॉर्निया क्रॅसिपीस, कुल–पाँटेडेरिएसी). पाण्यावर तरंगणारी ही बहुवर्षायू ओषधी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील असून भारतात ती १९ व्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये शोभेसाठी आणली गेली. विदर्भात तिला ‘इकॉर्निया’ असेही म्हणतात.

ओळख : पाने तुकतुकीत व गोलसर, देठ फुगीर, स्पंजासारखे, मुळे पिसासारखी व काळसर जांभळी. फुले फिकट जांभळी, सहा परिदलांची. वरच्या परिदलावर निळ्या कडेचा पिवळा ठिपका असतो. दाट वाढीत देठ लांब व सडपातळ होतात, त्यामुळे केवळ फुगीर देठावरून केलेली ओळख फसते. गोंडाळाची पाने बिनदेठाची व मखमली असतात, तर भातखाचरांत आढळणारी देशी मोनोकोरिया चिखलात रुजलेली असून तिच्या फुलांवर पिवळा ठिपका नसतो. तिचे उच्चाटन करू नये.

प्रसार व परिणाम : धावत्या खोडांपासून नवी रोपे फुटून अनुकूल स्थितीत एक-दोन आठवड्यांत संख्या दुप्पट होते. दाट थराखाली प्रकाश व विरघळलेला ऑक्सिजन घटतो, मासे गुदमरतात. बी तळाच्या गाळात सु. २० वर्षे जिवंत राहू शकते. म्हणून एकदा केलेली सफाई पुरेशी ठरत नाही.

चंद्रपूर परिसर : शहरातील गोंडकालीन रामाळा तलाव सांडपाणी व जलपर्णी यांनी ग्रासला गेला, त्याच्या संवर्धनासाठी २०२१ मध्ये उपोषणही झाले. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवरील मोहर्लीजवळचा इरई जलाशय चंद्रपूर शहरास व तेथील औष्णिक विद्युत् केंद्रास पाणी पुरवितो. शहर धरणाच्या खालच्या अंगास असल्याने तेथील जलपर्णी प्रवाहाबरोबर जलाशयात चढू शकत नाही. खालून ती पोहोचलीच, तर जाळी, नावा किंवा शोभेची रोपे यांबरोबर, म्हणजे माणसाच्या हातूनच पोहोचेल.

पाहणी : अशा जलाशयात नावांचे धक्के, ओढ्यांची मुखे व शांत खाड्या ही ठिकाणे ठरवून दरमहा पाहावी लागतात. वाऱ्याने थर सरकतात, म्हणून एकाच जागेची नोंद अपुरी असते. ठरावीक ठिकाणांवरून छायाचित्रे घेऊन व्यापलेले क्षेत्र नोंदवितात. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळावर बीजांकुर शोधतात. उपग्रहचित्रांत मोठे थर दिसतात. पहिली चार-दोन रोपे मात्र डोळ्यांनीच हेरावी लागतात. ती मुळांसह काढून पाण्यापासून दूर वाळविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. पसरलेल्या वाढीवर निओकेटिना प्रजातीचे भुंगेरे सोडतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही वर्षे लागतात.