‘पहिलीलाच तर शिकवायचंय!’

‘पहिली-दुसरीला काय, कुणीही शिकवेल,’ असं चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांतही म्हटलं जातं. प्रत्यक्षात पहिली ते पाचवीच्या नव्या भरतीत बी.एड.सुद्धा चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच तसा निकाल दिला. त्यासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. लागते, म्हणजे पूर्वीची डी.एड. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते मुद्दाम शिकावं लागतं.

टीईटी पास झाली की नोकरी पक्की, असंही अनेक पालक धरून चालतात. ती फक्त पात्रता परीक्षा आहे: १५० पैकी ९० गुण, राखीव प्रवर्गांसाठी ५५ टक्के. जिल्हा परिषद शाळेसाठी पुढे २०० गुणांची अभियोग्यता चाचणी द्यायची, मग शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर निवड. निवडीनंतरही तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० रुपये मानधन. २०२३ पूर्वी ते ६,००० होतं. आजचंही अपुरंच आहे.

पण मुलांचं खरं नुकसान करतो तो वेगळाच समज: ‘गणित चुकतं, म्हणजे मूल ढ.’ ४३ वजा १८ याचं उत्तर दुसरीतली कितीतरी मुलं ३५ लिहितात. वही नीट पाहा. मुलानं ८ मधून ३ काढले, ४ मधून १ काढला. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हा नियम त्यानं इमानेइतबारे पाळला आहे. तिथं लाल फुली मारून किंवा आणखी दहा गणितं देऊन काही साधत नाही. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवा आणि अठरा मागा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर मूल आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतं. हातच्याची वजाबाकी त्याला तेव्हा कळते. चूक कुठून आली हे ओळखणं, हेच प्राथमिक शिक्षकाचं मुख्य काम.

वारली किंवा अहिराणी बोलणारं मूल मागे पडणारच, हेही खरं नाही. अडचण मुलाची नसते, शिकवण्याच्या भाषेची असते. शक्यतो मातृभाषेतून शिकवा, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं.

डी.एल.एड.चा अर्ज भरण्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन चार दिवस पहिलीच्या वर्गात मागे बसा. मुलांच्या चुका पाहून चिडचिड न होता कुतूहल वाटलं, तर अर्ज जरूर भरा.