माळ्याच्या डोक्यावरची उचल

गुलामगिरी म्हटली की साखळदंड आणि चाबूक आठवतात. आजची गुलामगिरी बहुधा कागदावरची असते : कर्जाची चिठ्ठी, मालकाच्या कपाटातला पासपोर्ट आणि थकलेला पगार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात आहेत. हे प्रकार फक्त मोठ्या बांधकामांवर होतात असे नाही. बागकामाच्या लहानशा कंपनीतही ते शिरू शकतात.

आपल्याला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. बीडकडचा ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत अडकून पडतो. कतारला येणाऱ्या मजुराचे थोडे उलट असते. तो नोकरीसाठी एजंटाला पैसे मोजतो आणि ते पैसे सावकाराकडून आणतो. अडकणे मात्र तेच.

हिशेब मांडून पाहू. समजा, एकाने १ लाख रुपये दरमहा शेकडा ३ व्याजाने काढले. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे. भाव २३ रुपये धरला तर २३,००० रुपये. घरखर्चाला १०,००० आणि स्वतःला ५,००० गेले की उरतात ८,०००. पहिल्या महिन्यात त्यातले ३,००० व्याजातच जातात. सगळे सुरळीत चालले तरी कर्ज फिटायला सोळा महिने लागतात. दोन पगार लांबले की घरखर्चासाठी नवे कर्ज! असा माणूस भर दुपारी उन्हात काम करायला नाही म्हणू शकत नाही. म्हणून हा प्रश्न पैशाचा तसाच प्रकृतीचाही आहे.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ येथे बागकामाची छोटी कंपनी चालवतात. त्यांच्या पगारपत्रकाचे संगणकावरील काम मी पाहतो. थंडीत, लागवडीच्या हंगामात, त्यांना कंत्राटदाराकडून जादा माणसे घ्यावी लागतात. त्या निमित्ताने आम्ही एक यादी तयार केली. आपल्यापैकी जे व्यवसायात आहेत त्यांना ती उपयोगी पडावी.

१. दर तपासा. किमान वेतन १,०००, राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० मिळून १,८०० रियाल होतात. आठवड्याचे ४८ तास म्हणजे महिन्याचे २०८. तासाला सुमारे ८.६५ रियाल झाले. यात व्हिसा, वाहतूक, रजा, कंत्राटदाराचा नफा काहीच नाही. कोणी ८ रियालांत माणूस देऊ लागला, तर हे त्याला कसे परवडते ते विचारा.

२. भरतीचा खर्च कोणी केला? कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यानुसार येथील परवानाधारक भरती कंपनीला मजुराकडून पैसे घेता येत नाहीत. भारतात नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी घेता येतो. उत्तम मार्ग म्हणजे सारा खर्च मालकाने करावा. मजुराने आधीच दिला असेल तर तो हप्त्याने परत करावा.

३. पासपोर्ट कोणाकडे आहे? २०१५ च्या कायद्याने तो मजुराकडेच हवा. मालकाला २५,००० रियालपर्यंत दंड होऊ शकतो. ठेवायला जागा नसेल तर प्रत्येकाला किल्लीचे कपाट द्या.

४. पगार बँकेतून होतो का? देय तारखेपासून सात दिवसांत तो खात्यावर जमा व्हावा लागतो. कंत्राटदाराकडून दरमहा पुरावा मागा. मजुराशी त्याच्या भाषेत, मुकादम जवळ नसताना बोला.

५. ऊन. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद. ऊन, दमटपणा व वारा मिळून मोजलेला उष्णता निर्देशांक ३२.१ अंशांपुढे गेला की कोणत्याही वेळी काम थांबवायचे. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही बंधनकारक आहे.

६. माल. बागेतल्या पायवाटेची फरशी कोठून येते? राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींत उचलीपोटी राबणारी कुटुंबे, कामाला लावलेली मुले आणि दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हे सर्व आढळलेले आहे. वेठबिगारी तर भारतात १९७६ च्या कायद्याने बंद झाली. आयातदाराला खाणीचे नाव विचारा. सांगता येत नसेल तर दुसरा आयातदार पाहा.

गैरप्रकार आढळला तर लगेच कंत्राट तोडू नका. पहिला फटका मजुरालाच बसतो. कंत्राटदाराला लेखी मुदत द्या. तो ऐकत नसेल तर कामगार मंत्रालयात तक्रार करता येते. भारतीय दूतावास आणि त्याच्या छत्राखालील इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम मदत करतात. २०२० पासून नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाचे ना हरकत पत्र लागत नाही. माणूस कामाचा असेल तर योग्य ती नोटीस देऊन तो आपल्याच कंपनीत येऊ शकतो.

ज्यांचा व्यवसाय नाही, त्यांच्याही कंपाउंडमध्ये माळी येतोच. त्याला पाणी द्या आणि जमल्यास एवढे विचारा : पगार वेळेवर मिळतो ना, पासपोर्ट तुमच्याजवळ आहे ना?