तोंड मिटलं की नाक उघडतं

फिरायला नेलेलं कुत्रं दमलंय का, हे बघायला आपण त्याच्या पायांकडे बघतो. बघावं तोंडाकडे. झाडाखालच्या वाटेवर ते तोंड मिटून चालतं, चार पावलांवर थांबतं, मान खाली घालून एखाद्या मुळाशी इतका वेळ हुंगत बसतं की पट्टा धरणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. तेच कुत्रं दहा मिनिटांनी उघड्या माळावर आणा. जीभ लोंबायला लागते, मान वर येते, थांबणं बंद होतं आणि स्वारी सरळ रेषेत चालू लागते. ‘आता कसा शहाण्यासारखा चालतोय,’ असं मालक कौतुकानं म्हणतो. शहाणपण वगैरे काही नाही. त्याचं हुंगणं बंद पडलंय, एवढंच.

धापा टाकणं आणि हुंगणं ही दोन्ही कामं कुत्र्याला एकाच मार्गानं, एकाच श्वासावर उरकावी लागतात. एक चालू झालं की दुसरं मागे पडतं. सावलीची, सपाट, निवांत वाट म्हटलं की आपल्याला वयस्करांचा फेरफटका आठवतो. पण तिथे धाप लागत नाही, म्हणून कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर अशीच वाट वासांनी सगळ्यात भरगच्च असते.

आधी धापेचं बघू. माणूस अंगभर घामानं गार होतो. कुत्र्याच्या अंगावर केस, आणि तसा घाम फुटतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. त्यानं शरीर थंड होत नाही, फरशीवर ओले ठसे उमटतात इतकंच. कुत्र्याचं तापमान मुळातच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि ४१ च्या पुढे गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो. या दोन-अडीच अंशांच्या बोळातून सुटायला त्याच्याकडे खरं साधन एकच, पाण्याची वाफ करून ती श्वासाबरोबर बाहेर टाकणं.

पण मिनिटाला दोन-तीनशे वेळा श्वास घ्यायचा तर त्या कष्टानंच अंग तापायला हवं. १९६२ साली युजीन क्रॉफर्ड या शरीरशास्त्रज्ञानं याचं उत्तर दिलं. कुत्र्याची छाती, फासळ्या आणि फुप्फुसं यांची मिळून हलण्याची एक स्वाभाविक लय असते, मिनिटाला साधारण तीनशेची, आणि धाप नेमकी त्याच लयीवर चालते. झोपाळा त्याच्या लयीत असताना बोटानं ढकलला तरी झोका उंच जातो, तसंच हे. म्हणून कुत्र्याची धाप हळूहळू वाढत जात नाही. शांत श्वास एकदम धापेत बदलतो, आणि अंग निवलं की धाप तितक्याच अचानक थांबते. घरच्या कुत्र्याकडे नीट पाहिलंत तर हा खटका स्पष्ट दिसतो.

हवा जाते कुठून, हेही रंजक आहे. जीभ बाहेर दिसते म्हणून सगळा कारभार तोंडाचा असेल असं वाटतं. क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवलं की धापा टाकताना कुत्रा हवा मुख्यतः नाकानं आत घेतो आणि मुख्यतः तोंडावाटे सोडतो. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलं अस्तर. त्यांच्यावरून जाताना हवा तापते, ओली होते आणि ती उष्णता घेऊन तोंडातून निघून जाते. नाकानंच परत सोडली असती तर बरीचशी उष्णता आणि वाफ जाता जाता त्याच अस्तरावर उतरली असती. या कामाला लागणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा नाकाच्या बाजूच्या एका ग्रंथीतून येतो, हे १९७२ मध्ये कळलं. ऊन वाढलं की ती जास्त पाझरते. म्हणजे तापलेल्या कुत्र्याचं नाक हे त्या वेळी शरीराला गार ठेवणारं यंत्र झालेलं असतं.

आता हुंगणं. हे साध्या श्वासापेक्षा वेगळं आहे. छोटे छोटे झटके, सेकंदाला पाचेक. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रेंट क्रेव्हन, एरिक पॅटरसन आणि गॅरी सेटल्स यांनी कुत्र्याच्या नाकाचा आतला नकाशा बनवून त्यातून हवा कशी वाहते याचं गणित मांडलं. ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. हुंगताना आत आलेल्या हवेचे दोन प्रवाह होतात. मोठा प्रवाह घशाकडे उतरतो, आणि बारा-तेरा टक्के हवा वरच्या अंगानं थेट मागच्या एका कप्प्यात जाते. गंध ओळखणाऱ्या पेशी त्या कप्प्यात दाटीनं असतात. तिथे हवा संथपणे फिरते आणि श्वास सोडला तरी ती लगेच उलटी वाहत नाही, त्यामुळे वासाच्या रेणूंना अस्तराला चिकटायला सवड मिळते. आपल्या नाकात असा वेगळा कप्पाच नाही.

सोडलेला श्वास जातो कुठे, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. कुत्र्याच्या नाकपुडीच्या कडेला स्वल्पविरामासारखी एक चीर असते. हवा आत जाते समोरून आणि बाहेर पडते या चिरेतून, बाजूला आणि खाली. माथेरानच्या लाल मातीत हे फार छान दिसतं. कुत्रं मातीवर नाक टेकवून हुंगत असताना खाली वाकून बघा. नाकासमोरची धूळ जागची हलत नाही, मात्र दोन्ही अंगांना धुळीचे दोन बारके पंखे उडत असतात. समोरचा वास फुंकरीनं विस्कटत नाही आणि बाजूची माती उसवून नवा वास वर येतो. एवढी नाजूक रचना धापेच्या धबडग्यात चालणार कशी?

चालत नाही, असंच दिसतं. इस्रायलमध्ये इरित गाझित आणि योसेफ तेर्केल यांनी स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांना आधी श्रम करायला लावून मग शोधाला सोडलं. त्यांचा २००३ चा निष्कर्ष असा की धाप जितकी वाढली तितकी शोधाची अचूकता घटली. सरावानं कुत्री धाप आवरून काम करायला शिकतात, हेही त्यांना आढळलं. पण ते कसलेले, पगारी कुत्रे. आपल्या सोफ्यावरच्या मंडळींकडून ती अपेक्षा कशाला?

सावली नेमकी इथे कामाला येते. झाडाखालची हवा बाहेरच्यापेक्षा फार थंड असते असं नाही. तापमापकात फरक बऱ्याचदा एक-दोन अंशांचाच दिसतो. मोठा फरक पडतो तो किरणांनी येणाऱ्या उष्णतेत. वरून ऊन नाही आणि खालून तापलेली जमीनही नाही. माणसाचं डोकं जमिनीपासून पाच फुटांवर असतं, कुत्र्याचं पोट जेमतेम फुटा-दीड फुटावर. मार्चमधल्या दुपारी आपल्याला ‘बरं आहे की’ वाटणाऱ्या हवेत डांबर पन्नाशी ओलांडून बसलेलं असतं. हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद रस्त्यावर टेकवून बघावी. आपल्याला नाही टेकवता आली तर कुत्र्यानं पंजे का टेकवावेत?

सावलीत वाससुद्धा जास्त टिकतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते आणि वासाला घेऊन जाते. थंड, ओलसर पाचोळ्यावर हवा जमिनीलगत पडून राहते. एक मेख मात्र आहे. धापेचा सगळा हिशोब बाष्पीभवनावर आहे, त्यामुळे दमट हवेत तो कोलमडतो. मे महिन्यात कोकणातल्या नारळी-पोफळीच्या गर्द सावलीत आपल्याला गार वाटलं तरी कुत्र्याची धाप थांबत नाही, ती यामुळे. तिथे वेळ पहाटेचीच.

सावली कोणत्या झाडाची, हाही प्रश्न आहे आणि आपल्याकडे तो कुणी विचारत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्यानं लावलेली गिरिपुष्पाची झाडी पावसाळ्यानंतर मस्त हिरवी दिसते. पण हे मध्य अमेरिकेतलं झाड फेब्रुवारीच्या आसपास पानं झाडून गुलाबी फुलांवर येतं. फोटोला सुंदर, सावलीला शून्य, आणि तेही ऊन चढत असताना. (त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही, कुत्र्याला पाला-शेंगा चघळू देऊ नयेत.) सागाचंही तेच. करंज मात्र एप्रिलमध्ये नव्या पानांनी भरतो, आणि जांभूळ, आंबा, वड कडक उन्हाळ्यातही साथ सोडत नाहीत. माथेरानचं रान या बाबतीत नशीबवान. जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडी, उंची आठशे मीटरच्या घरात, वाटा बऱ्याचशा सपाट आणि दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण हवा खाण्यासाठी हेरलं, माणसांसाठी. कुत्र्याला तिथे हवेपेक्षा घोड्यांच्या लिदीत आणि माकडांच्या बैठकींत जास्त रस असतो. घोडा जवळ येताना मात्र पट्टा आखूड धरावा; लाथ कुणाची वंशावळ बघून बसत नाही.

हुंगण्यात वेळ ‘वाया’ जातो म्हणून खेचत नेणाऱ्यांसाठी दोन प्रयोग सांगतो. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत पीटर हेपर आणि डेबोरा वेल्स यांनी २००५ मध्ये दाखवलं की माणूस कोणत्या दिशेनं गेला, हे माग काढणाऱ्या कुत्र्याला त्याच्या सलग पाच पावलांच्या ठशांवरून कळतं. पहिल्या आणि पाचव्या पावलात काही क्षणांचं अंतर. तेवढ्यात वास जितका फिका होईल तेवढा फरक त्याला पुरतो. दुसरा प्रयोग शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा, २०१९ चा. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासानं खाऊ शोधण्याचा सराव दिला, बाकीच्यांना मालकाच्या पायाशी चालण्याचा. मग भांडं अशा जागी ठेवलं की त्यात खाऊ आहे की नाही याचा अंदाज येऊ नये. हुंगण्याचा सराव झालेली कुत्री त्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. संशोधक याला आशावादी कल म्हणतात. कुत्र्याच्या मनात शिरून कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे शब्द जपून घ्यावा. पण मोबाइलवर दहा हजार पावलं पुरी करण्याची घाई मालकाची असते, कुत्र्याची नव्हे, एवढं यातून नक्की निघतं.

सगळ्या कुत्र्यांना सारखं नाक मिळालेलं नाही. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग लहान मुलाच्या मागे मागे चालत घरोघरी पोचला आणि शहरांत पगांची लाट आली. ज्याला आपण मागे मागे चालताना पाहिलं, तोच मागे चालायला सगळ्यात कमी लायक. चपट्या चेहऱ्यात त्या हाडांच्या गुंडाळ्यांना जागाच नाही, नाकपुड्या अरुंद, टाळू लांब. धाप लागली की घसाच सुजून वाट अडवतो. पग किंवा बुलडॉग घोरल्यासारखा आवाज करू लागला तर फिरणं तिथेच थांबवावं. अंगावर, पोटावर, पायांवर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि मग पशुवैद्याकडे न्यावं, याच क्रमानं. मुधोळ किंवा कारवानी कुत्रा आणि आपला गावठी, दोघांचीही लांब नाकं या हवेला सरावलेली आहेत. गावठी पिल्लू घरात आणणाऱ्यानं नकळत का होईना, अभियांत्रिकीच्या दृष्टीनं उत्तम निवड केलेली असते.

आता कुत्रेवाल्यांना न आवडणारा भाग. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अबी वनक आणि सहकाऱ्यांनी खोकडांसमोर खाऊचे ट्रे ठेवले. कुत्रा नजरेसमोर असताना खोकडं आली, पण त्यांचं खाणं सत्तर टक्क्यांनी घटलं. सगळा वेळ मान वर करून पाहण्यात गेला. नुसत्या कुत्र्याच्या वासानं मात्र त्यांना फारसा फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानवाटांवर बँक्स आणि ब्रायंट यांनी २००७ मध्ये मोजणी प्रसिद्ध केली. कुत्रा फिरवल्यावर तिथल्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी कमी दिसले. हे कुत्रे पट्ट्याला बांधलेले होते. पट्टा सोडून ‘जरा पळू दे’ म्हणणाऱ्यांनी टिटवी आणि रातवा जमिनीवरच अंडी घालतात, हे लक्षात घ्यावं. सहा-सात फुटांचा पट्टा नाकाला भरपूर मोकळीक देतो. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेण्याचा विचारच करू नये.

सावलीचे आणखीही भाडेकरू असतात, गोचिडी. उन्हात त्या वाळून मरतात, म्हणून दमट, सावलीची वाट त्यांनाही प्रिय. रानातल्या अनेक जाती गवताच्या टोकाशी चढून पुढचे पाय पसरून बसतात. त्या पायांवरच्या इंद्रियाला जवळून जाणाऱ्या प्राण्याचा श्वास आणि ऊब कळते. कुत्र्यांना ‘टिक फीव्हर’ देणारी तपकिरी गोचीड मात्र घराच्या फटीतच संसार थाटते, त्यामुळे रानात न जाणारं कुत्रंही सुटत नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात २०१५-१६ पासून माकडताप आढळला आहे. तो पसरवणाऱ्या गोचिडी वेगळ्या जातीच्या, आणि त्यांचा जोर हिवाळ्यापासून मेपर्यंत असतो; तिथल्या रानात माकडं मरून पडल्याची बातमी आली तर त्या वाटेला माणसानंही जाऊ नये. घरी आल्यावर कुत्र्याचे कान, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा बोटांनी चाचपावी. गोचीड सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल ओतणं, काडी लावणं हे जुने उपाय करू नयेत. त्यानं डिवचलेली गोचीड आपली लाळ उलट जखमेतच सोडते.