सहस्रचंद्र आणि खाडीचें पाणी

घरांतील वडीलधाऱ्यांचें सहस्रचंद्रदर्शन आलें म्हणजे कार्यालय, गुरुजी आणि आचारी यांची चौकशी सुरू व्हावयाची, हा परिपाठच आहे. सहस्र पौर्णिमा पुऱ्या होण्यास ८० वर्षें व सुमारें १० महिने लागतात. गेल्या माघांत आमच्या थोरल्या काकांचा तो योग आला, तेव्हां तरुण मंडळींनीं नवीच टूम काढली. पौर्णिमेच्या सायंकाळीं ऐरोलीहून होडीनें ठाण्याच्या खाडींत जावें, आणि चंद्र उगवतांना काकांस तेथेंच ओवाळावें! कल्पना काव्यमय खरी. परंतु कोळ्यास विचारतांच तो हसला. त्या वेळीं होडी चिखलांत बसेल, असें तो म्हणाला.

त्याचें म्हणणें खरें होतें. आमच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली कीं भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमेस व अमावास्येस बाराच्या सुमारास पूर्ण भरती. खाडींत आंत जावें तसा थोडा उशीर. बारास भरती म्हणजे सायंकाळीं सहाच्या सुमारास ओहोटी, आणि तीही उधाणाची, म्हणजे पाणी पार तळास जाणारी. पूर्ण चंद्र उगवतो तोही नेमका त्याच वेळीं. ज्याच्या दर्शनाचा सोहळा, तोच चंद्र आमच्या होडीखालचें पाणी ओढून नेणार होता! पंचांग रोज चाळणाऱ्या आमच्या घरांत हें एकासही सुचलें नव्हतें.

शेवटीं सकाळीं साडेनऊस निघावयाचें ठरलें. पाणी चढतें असतें, आणि चिखलाचे पट्टे अद्याप उघडे असतात. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, त्या चिखलांतच चरतात. पाणी भरलें कीं ते उठून नेरूळकडील पाणथळींवर जातात. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा काळ. चोच उलटी बुडवून ते पाणी गाळतात व त्यांतील सूक्ष्म शेवाळ खातात. त्या शेवाळाचाच रंग त्यांच्या पिसांत उतरतो. पिल्लें करड्या रंगाचीं असतात. येथील १६९० हेक्टर क्षेत्र २०१५ सालीं अभयारण्य झालें, व २०२२ सालीं रामसर यादींत गेलें.

तरुणांनीं गाण्याची पेटी बरोबर घेतली होती. ती धक्क्यावरच ठेवावी लागली. थोडी कुरकुर झाली, परंतु आमच्या मतें योग्यच झालें. गोंगाटानें थवा उडाला म्हणजे चरण्याचा वेळ फुकट जातो, आणि तो भरतीपुढें फार थोडा असतो.

खरा वाद झाला तो काकूंच्या जॅकेटावरून. नऊवारी पातळावर तें नारिंगी ओझें चढविण्यास त्या तयार होईनात. "मला का पोहावयाचें आहे?" असें त्यांनीं विचारलें. "पोहतां येत नाहीं, म्हणूनच घाला, आजी," एवढेंच कोळी म्हणाला, आणि दोरी सोडीना. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेट वेहून घारापुरीस निघालेली 'नीलकमल' बोट नौदलाच्या बोटीची धडक बसून बुडाली व १५ माणसें गेलीं, हें आमच्यापैकीं सर्वांस ठाऊक होतें. कोणीं उच्चारलें मात्र नाहीं. काकांनीं आधीं स्वतःचे बंद बांधले, मग काकूंचे. बावीस माणसांची ती नारिंगी रांग हास्यास्पद दिसत होती खरी.

दीड तासांत आम्ही परत आलों. पुरणपोळी घरींच झाली. सायंकाळीं गच्चीवर चंद्र वर येत असतां काकूंनीं ओवाळलें. काका खाडीच्या दिशेनें पाहत म्हणाले, "आतां तेथें पाणी नसेल."