चार फेऱ्यांचे छायाचित्र

धार आणि देवास या माळव्यातील पवारांच्या जुन्या राजधान्या. आज ही दोन्ही गावे मध्य प्रदेशातील जिल्ह्यांची ठिकाणे आहेत. खेड्यापाड्यांतून माणसे कचेरीची कामे घेऊन येथे येतात, आणि अर्ज म्हटला की छायाचित्र आलेच. मोबाईल हाती आल्यापासून चित्र काढण्यासाठी दुकानात जाण्याचे कारण फारसे उरले नाही. परंतु ते कागदावर हवे असेल तर दुकानाची पायरी चढावीच लागते. तेथे पूर्वी अंधारी खोली आणि रसायनांची तबके लागत. आता झेरॉक्सच्या यंत्राशेजारी मावणारा एक छोटा प्रिंटर तेच काम करू शकतो.

या यंत्राची एक गंमत आहे. कागद आत जातो, बाहेर येतो, आणि त्यावर नुसते पिवळे चित्र दिसते. नवखे गिऱ्हाईक ‘बिघडले’ म्हणून हात पुढे करते. तसे करू नये. धार जिल्ह्यातील बाग गावचे ठप्प्यांचे कापड ज्यांनी पाहिले असेल त्यांना यातले मर्म सांगावे लागणार नाही. तेथे प्रत्येक रंगाचा ठसा निराळा, आणि एकावर दुसरा नेमका बसला तरच नक्षी उमटते. येथेही प्रथम पिवळा, मग किरमिजी, मग आकाशी आणि शेवटी पारदर्शक लेप, अशा चार फेऱ्या होतात. मधेच कागद ओढला तर रंग सरकलेच म्हणून समजावे.

रंग येतात ते शाईच्या बाटलीतून नव्हे, तर पातळ फितीवरून. या फितीवर प्रत्येक रंगाचा कागदाएवढा पट्टा असतो. यंत्रातील बारीक तापकांची रांग, इंचास तीनशे या हिशेबाने, फितीला मागून ऊब देते. जेथे ऊब अधिक तेथे रंग अधिक उतरतो आणि कागदाच्या वरच्या थरात मुरतो. म्हणून चित्रात ठिपके दिसत नाहीत, आणि शेवटच्या लेपामुळे पाण्याच्या थेंबाने ते फिसकटतही नाही. कॅनन कंपनीने २०२२ साली काढलेल्या ‘सेल्फी सीपी १५००’ या नमुन्यास पोस्टकार्डाएवढ्या चित्रास सुमारे ४१ सेकंद लागतात. तेवढ्याच कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरची आठ छायाचित्रे बसतात.

खर्चाचे गणितही समजून घ्यावयास हवे. चित्र रात्रीचे असो वा पांढऱ्या भिंतीचे, फितीचे चारही पट्टे संपतातच. त्यामुळे प्रत्येक प्रतीचा खर्च आधीच ठाऊक असतो, आणि लहान दुकानास हा मोठाच दिलासा आहे. मात्र बिघडलेल्या प्रतीचाही तेवढाच भुर्दंड पडतो. कागद छपाईच्या वेळी मागच्या बाजूसही बाहेर येत असल्याने यंत्र भिंतीला टेकवून ठेवू नये. उन्हाळ्यात माळव्याची धूळ कागदावर बसली की चित्रात पांढरा डाग राहतो. सतत छापीत राहिले तर यंत्र तापून आपोआप थांबते. तेव्हा गिऱ्हाइकाने आणि दुकानदाराने थोडे थांबावे, यंत्रावर थापा मारू नयेत.

एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फितीवरून जेथे रंग उतरला तेथे ती फिकी पडते. वापरलेली फीत उजेडापुढे धरली तर गिऱ्हाइकाचा चेहरा तीन रंगांत, उलट छटेने, स्पष्ट दिसतो. लग्नासाठी काढलेले मुलीचे चित्र, छापून घेतलेले ओळखपत्र, सारे त्या गुंडाळीत शिल्लक असते, आणि गुंडाळी जाते रस्त्यावरच्या कचऱ्यात. त्याच देवासमध्ये सुमारे पन्नास वर्षांपासून नोटांचा सरकारी छापखाना आहे. तेथे बिघडलेल्या कागदाचाही हिशेब द्यावा लागतो. दुकानदारास एवढा पहारा परवडणारा नाही, पण कात्री परवडते. फीत संपली की डबीतून बाहेर ओढून तिचे बारीक तुकडे करावेत. ती जाळू नये, कारण प्लास्टिकचा धूर बाधतो. शिवाय गिऱ्हाइकाने मोबाईलवरून पाठविलेले चित्र त्याच्या देखतच पुसून टाकावे. काम फार तर दोन मिनिटांचे असते.