कुंपणाचा भरवसा

संगणकावर किंवा मोबाइलवर बातमी वाचू पाहणाऱ्याला आज आधी जाहिरातींची गर्दी ओलांडावी लागते. या जाहिराती नुसत्या दिसत नाहीत. पुष्कळदा त्या वाचकाच्या आवडीनिवडींची नोंदही ठेवतात. त्यांना ब्राउझरच्या दारातच अडविणारी जाहिरातरोधक साधने निघाली ती यामुळेच. परंतु दाराचा मालकच जाहिरातींचा व्यापारी असेल तर?

गूगलच्या क्रोम ब्राउझरची स्थिती नेमकी अशी आहे. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिच्या २०२३ मधील उत्पन्नाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जाहिरातींचा होता. पूर्वी रोधक साधन पानाची प्रत्येक मागणी स्वतः तपासून ती अडवू शकत असे. २०१८ मध्ये मांडलेल्या ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ या नियमावलीने तो अधिकार काढून घेतला. साधनाने नियमांची यादी आधी द्यावी, अडविण्याचे काम ब्राउझर करील, अशी ही व्यवस्था. तिच्या अंमलामुळे रेमंड हिल यांचे ‘यूब्लॉक ओरिजिन’ २०२४-२५ मध्ये क्रोमवर चालेनासे झाले.

हे सुरक्षिततेसाठी केले, असे गूगल सांगते. त्यात तथ्य नाही असे नाही. सर्व पाने वाचू शकणारे साधन विश्वासघातही करू शकते. प्रश्न हेतूचा नसून अधिकाराचा आहे. ज्याचा नफा पणाला लागला आहे, त्यानेच निवाडा करावा काय?

पहारेकरीही निःस्पृह नाहीत. ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ने २०११ मध्ये ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना वाट मोकळी केली आणि त्यासाठी बड्या कंपन्यांकडून शुल्क घेतले. देणाऱ्यांत गूगलही होती. फायरफॉक्सने जुनी पद्धत राखली खरी, पण तो बनविणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलकडूनच येत आला आहे.

जाहिरातींवाचून वृत्तपत्रे चालत नाहीत, हे मान्यच. म्हणून जाहिराती नकोत असे नव्हे. त्या विकणारा, दाखविणारा आणि गाळणारा एकच नसावा, एवढेच म्हणणे आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने जाहिरात-तंत्राच्या दोन बाजारपेठांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निर्णय दिला, तोही या एकवटलेल्या सत्तेकडेच बोट दाखवितो.

जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र ग्राहकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकेल, असा इशारा १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी दिला होता. त्यांची नावे सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज. त्याच वर्षी त्यांनी गूगल स्थापन केली. कुंपण शेत खाते, हे कुंपण घालणाऱ्यांना आधीच ठाऊक होते. आता शेताच्या धन्याने जागे व्हावे.